थंड प्लाझ्मा चुंबकावरणात नेमकं काय करतो?

प्रश्न असा आहे: मे २०२४ च्या मोठ्या भूचुंबकीय वादळात पृथ्वीभोवतीचं प्लाझ्मास्फिअर काही तासांत आकसलं आणि पुन्हा भरायला चार दिवसांहून जास्त लागले, असं वाचनात आलं. हा थंड प्लाझ्मा (सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांचा वायू) चुंबकावरण, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेला अंतराळातला भाग, नेईल तिकडे नुसता वाहत जातो, की त्याचाही चुंबकावरणावर काही परिणाम होतो? आणि भरायला इतका वेळ का लागतो?

वाहत तर तो जातोच. पण जिथे जातो तिथे वजन वाढवतो. वजन वाढलं की चुंबकावरणातल्या लहरींचा वेग बदलतो, सौरवाऱ्याकडून (सूर्यातून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोताकडून) येणाऱ्या ऊर्जेची आवक बदलते, आणि पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांत अडकलेले घातक इलेक्ट्रॉन किती दिवस टिकणार तेही बदलतं. माझं काम उपग्रहांनी टिपलेल्या घनतेच्या आणि लहरींच्या नोंदी वाचण्याचं. इतकी वर्षं त्यात घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की चुंबकावरण समजून घ्यायचं तर आधी थंड कण मोजावेत, गरम कण नंतर. शिकवताना बहुतेक ठिकाणी याच्या उलट क्रम असतो. ऊर्जावान कण आधी येतात, कारण उपग्रहांना इजा तेच करतात, आणि थंड प्लाझ्मा एका परिच्छेदात उरकला जातो. विद्यार्थ्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हा प्लाझ्मा येतो आपल्याच वातावरणातून. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वरच्या हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, मागे धनभारित आयन उरतात आणि आयनांबर हा थर तयार होतो. तीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर तिथे मुख्यतः ऑक्सिजनचे आयन असतात. आणखी वर गेलं की हायड्रोजनचे अणू भेटू लागतात. ऑक्सिजन आणि हायड्रोजन, दोघांचाही इलेक्ट्रॉन सोडवायला जवळजवळ सारखीच ऊर्जा लागते, सुमारे १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक). त्यामुळे दोघांची गाठ पडली की विद्युतभार एकाकडून दुसऱ्याकडे अगदी सहज जातो. ऑक्सिजनचा आयन पुन्हा साधा अणू होतो आणि हायड्रोजनचा प्रोटॉन होतो. प्रोटॉनचं वजन ऑक्सिजनच्या सोळाव्या हिश्शाइतकं, म्हणून तो चुंबकीय बलरेषेच्या वाटेने वर चढतो. उत्तर आणि दक्षिण, दोन्ही गोलार्धांतून अशी भर पडत राहिली की विषुववृत्ताभोवती फुगीर वलयाच्या आकाराचा साठा तयार होतो. त्याचं नाव प्लाझ्मास्फिअर. तो पृथ्वीबरोबरच फिरतो. त्यात मुख्यतः प्रोटॉन, त्याखालोखाल हेलियमचे आयन आणि थोडा ऑक्सिजन असतो.

आता आकडे. पृथ्वीच्या केंद्रापासून दोन पृथ्वीत्रिज्यांवर, विषुववृत्ताच्या पातळीत, दर घनसेंटिमीटरला साधारण २,००० इलेक्ट्रॉन असतात. चार त्रिज्यांवर ४०० ते ४५०. आपल्या खोलीतल्या हवेत त्याच एका घनसेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात, म्हणजे प्रयोगशाळेतल्या उत्तम निर्वातापेक्षाही हा प्लाझ्मा विरळ. पण तुलना करायची ती शेजाऱ्यांशी. प्लाझ्मास्फिअरची कड, म्हणजे प्लाझ्मापॉज, ओलांडली की घनता एकदम घसरते आणि घनसेंटिमीटरला एक ते दहा कणांवर येते. तापमान काही हजार ते दहा हजार अंश, म्हणजे प्रत्येक कणामागे जेमतेम एक इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा. त्याच जागेतून फिरणाऱ्या वलयप्रवाहातल्या (पृथ्वीभोवती वलयासारख्या वाहणाऱ्या विद्युतप्रवाहातल्या) आयनांची ऊर्जा हजारो ते लाखो इलेक्ट्रॉनव्होल्ट असते आणि प्रारणपट्ट्यांतल्या इलेक्ट्रॉनांची दहा लाखांच्या पुढे. चार त्रिज्यांपर्यंतच्या सगळ्या थंड प्लाझ्माचं वजन ढोबळ हिशोबाने पन्नास-शंभर टन भरतं. ऐकायला ते किरकोळ वाटतं, पण पृथ्वीजवळच्या चुंबकावरणात एवढं वजन दुसऱ्या कशाचंही नाही.

याचा शोध लागला तो विजांच्या आवाजावरून. वीज चमकली की तिच्यातून निघालेल्या रेडिओलहरींचा काही भाग आयनांबर भेदून बलरेषेच्या वाटेने दुसऱ्या गोलार्धात उतरतो. वाटेतल्या प्लाझ्मात उच्च वारंवारता पुढे जातात, नीच मागे राहतात, आणि साध्या ध्वनिवर्धकाला जोडलेल्या अँटेनावर वरून खाली उतरत जाणारी शिट्टी ऐकू येते. पहिल्या महायुद्धात शत्रूचे दूरध्वनी चोरून ऐकताना जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांच्या कानावर ती पडली होती. तिचा उलगडा मात्र १९५३ मध्ये केंब्रिजच्या ओवेन स्टोरी यांनी केला. शिट्टी उतरायला किती वेळ लागतो यावरून त्यांनी हिशोब मांडला, तर कित्येक हजार किलोमीटर उंचीवर घनसेंटिमीटरला शेकडो इलेक्ट्रॉन असायला हवेत असं निघालं. तिथे जवळपास काहीच नसावं अशी तोवरची समजूत होती. पुढे १९५९ मध्ये सोव्हिएत लूना यानांवरच्या ग्रिंगाउझ यांच्या आयन-सापळ्यांना पृथ्वीपासून दूर जाताना घनता एकदम घसरलेली दिसली. स्टॅनफर्डच्या डॉन कार्पेंटर यांनी १९६३ मध्ये शिट्ट्यांच्या नोंदींतून तीच कड दाखवली. आपल्याकडेही वाराणसी, नैनिताल आणि गुलमर्ग इथे अशा शिट्ट्यांच्या नोंदी झालेल्या आहेत.

ही कड असते तरी का? दोन ओढींच्या भांडणातून. पृथ्वी फिरताना आपल्या जवळच्या प्लाझ्मालाही फिरवते. या फिरण्याशी निगडित विद्युतक्षेत्र चार त्रिज्यांवर मीटरला सुमारे ०.९ मिलिव्होल्ट असतं आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातं. दुसरी ओढ सौरवाऱ्याची. सूर्याकडून आलेलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असेल, तर चुंबकावरणाच्या दर्शनी सीमेवर त्याच्या आणि पृथ्वीच्या बलरेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. या पुनर्जोडणीनंतर सौरवारा त्या बलरेषा ध्रुवांवरून मागे शेपटीकडे ओढून नेतो आणि शेपटीतून त्या परत सूर्याच्या दिशेने येतात. या अभिसरणाचं क्षेत्र शांत दिवसांत मीटरला एक-दोन दशांश मिलिव्होल्ट असतं, वादळात एकाच्या पुढे जातं. पहिली ओढ जिंकते तिथवर प्लाझ्मा पृथ्वीभोवती गोल गोल फिरत राहतो, साठत जातो. दुसरी जिंकते तिथून पुढे तो साठायच्या आतच सूर्याकडच्या सीमेकडे वाहून जातो. दोन्हींच्या मधली रेषा म्हणजे प्लाझ्मापॉज. १९६६-६७ मध्ये निशिदा आणि ब्राइस यांनी मांडलेली ही कल्पना तपशिलात पुष्कळ सुधारली गेली, पण गाभा तोच राहिला.

रोजच्या कामाला आम्ही एक सोपं सूत्र वापरतो. गेल्या २४ तासांतला सर्वांत मोठा केपी निर्देशांक (भूचुंबकीय खळबळीचं शून्य ते नऊ असं माप) घ्यायचा, त्याला ०.४६ ने गुणायचं आणि उत्तर ५.६ मधून वजा करायचं. येईल ते प्लाझ्मापॉजचं अंतर, पृथ्वीत्रिज्यांमध्ये. केपी शून्य असेल तर ५.६ त्रिज्या, पाच असेल तर ३.३. हे सूत्र टोकाच्या वादळाला ताणून लावू नये, आणि मे २०२४ हे त्याचं चांगलं उदाहरण. तेव्हा केपी ९ ला टेकला होता, म्हणजे सूत्राप्रमाणे कड दीड त्रिज्येपर्यंत आत यायला हवी होती. जपानच्या आरासे उपग्रहाने प्रत्यक्ष पाहिलं ते असं: सुमारे ४४,००० किलोमीटर उंचीवर असलेली कड नऊ तासांत ९,६०० किलोमीटरवर आली. केंद्रापासून मोजलं तर जवळपास आठ त्रिज्यांवरून अडीच त्रिज्यांवर. सूत्रापेक्षा कमी असलं, तरी हे आकसणं फार मोठं होतं.

मग जो प्लाझ्मा बाहेरच्या भागात होता त्याचं काय झालं? तुमच्या प्रश्नाचा खरा जीव इथे आहे. तो नाहीसा होत नाही. दुपारनंतरच्या, मावळतीकडच्या बाजूला तो लांबट प्रवाहाच्या रूपात ओढला जातो आणि थेट चुंबकावरणाच्या दर्शनी सीमेला जाऊन भिडतो. या प्रवाहाला प्लूम म्हणतात. सूर्यप्रकाशात हेलियमचे आयन ३०.४ नॅनोमीटर तरंगलांबीवर मंद चमकतात. मार्च २००० मध्ये सोडलेल्या इमेज उपग्रहाने ध्रुवावरून खाली पाहत या चमकेची चित्रं घेतली, तेव्हा अख्खं प्लाझ्मास्फिअर आणि त्यातून निघालेला प्लूम पहिल्यांदा एका नजरेत दिसला. त्याआधी शिट्ट्यांवरून आणि उपग्रहांच्या एकेका फेरीवरून जुळवाजुळव चालायची.

प्लूम सीमेला भिडला की काय होतं, हे कळायला लहरींच्या वेगाची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चुंबकीय बलरेषेत ताण असतो आणि तिला चिकटलेल्या प्लाझ्माचं तिच्यावर ओझं असतं. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते म्हणून तिचा स्वर खाली लागतो, तसंच इथे आहे: ओझं जितकं जास्त, तितकं बलरेषेचं आंदोलन संथ. या लहरींना आल्फवेन लहरी म्हणतात. त्यांचा वेग क्षेत्राच्या प्रमाणात वाढतो आणि घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. क्षेत्र ५० नॅनोटेस्ला आणि घनता घनसेंटिमीटरला एक प्रोटॉन असेल तर वेग सेकंदाला सुमारे १,१०० किलोमीटर येतो. त्याच जागी ५० प्रोटॉन आले की तो दीडशेवर उतरतो. जमिनीवरच्या चुंबकमापकांवर या आंदोलनांचा कालावधी मोजून, वर बलरेषेवर किती वजन आहे ते आम्ही काढतो, तेही याच नियमाने.

पुनर्जोडणी किती वेगाने होणार तेही याच लहरींच्या वेगावर ठरतं, कारण तुटून जोडलेल्या बलरेषा जागेवरून दूर निघून जाण्याचा वेग साधारण तोच असतो. दर्शनी सीमेवर दोन बाजूंचे दोन वेगळे प्लाझ्मा असतात, म्हणून दोन्हींचा मिळून वेग काढावा लागतो. एक ठोकळ उदाहरण करून पाहू. सीमेच्या बाहेर क्षेत्र ३० नॅनोटेस्ला आणि घनता घनसेंटिमीटरला २० कण, आत क्षेत्र ५० आणि घनता १. कॅसाक आणि शे यांच्या २००७ च्या सूत्राने वेग येतो सेकंदाला सुमारे २३५ किलोमीटर. आता बाकी काहीही न बदलता आतली घनता फक्त ५० करा. वेग दीडशेच्या आसपास येतो, म्हणजे एक-तृतीयांशाहून जास्त घट. आतली घनता १०० केली तर तो निम्मा होतो. सौरवारा तोच, त्याचं क्षेत्र तेच, पण त्या ठिकाणी पृथ्वीच्या चुंबकावरणात ऊर्जा शिरण्याचा वेग पृथ्वीच्याच आयनांबरातून आलेल्या थंड प्रोटॉनांनी कमी केला.

याची साखळी बघा. पुनर्जोडणी जोरात होते, अभिसरण वाढतं, प्लाझ्मास्फिअर सोललं जातं, प्लूम सीमेला भिडतो आणि पुनर्जोडणीचाच वेग खाली आणतो. वादळाने उचललेला मालच वादळाला थोडा आवर घालतो. १७ जानेवारी २०१३ च्या मध्यम वादळात हे जवळून दिसलं. जमिनीवरच्या जीपीएस ग्राहकांच्या नकाशांत आयनांबरातल्या दाट प्लाझ्माचा पट्टा ध्रुवाकडे सरकताना दिसत होता, आणि त्याच सुमाराला वर नासाच्या थेमिस मोहिमेची यानं दर्शनी सीमेतून एकामागून एक जात होती. प्लूमचा दाट प्लाझ्मा सीमेला टेकलेला, पुनर्जोडणी चालू आणि तिची कार्यक्षमता उतरलेली, हे ब्रायन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलं. खालून आणि वरून एकाच वेळी एकाच प्रवाहाचा माग लागणं ही आमच्या क्षेत्रात फार दुर्मीळ संधी असते, म्हणून तो अभ्यास मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देतो.

यावर वाद आहे, आणि तो खरा वाद आहे. काहींचं म्हणणं असं की प्लूमने एका ठिकाणी पुनर्जोडणी मंदावली तरी एकूण आवक सौरवाऱ्याच्या दाबावर आणि क्षेत्रावरच ठरते. एका जागी अडलेला प्रवाह शेजारून वाट काढतो. मला दोन्हींत तथ्य दिसतं. स्थानिक परिणामाबद्दल आता शंका घ्यायला फारशी जागा नाही. एकूण परिणाम मात्र प्लूम किती रुंद आहे आणि किती वेळ टिकतो यावर ठरतो. सीमेचा थोडाच भाग व्यापलेला असेल तर बाकी सीमा मोकळीच राहते. म्हणून ‘प्लूम वादळ थांबवतो’ असं कुणी लिहिलं तर ते अतिशयोक्त आहे. वादळाची तीव्रता ठरवताना सौरवारा पहिला, थंड प्लाझ्मा दुसरा. पण दुसऱ्याला वगळून केलेलं गणित अपुरंच राहतं.

आता प्रारणपट्टे. इथे थंड प्लाझ्माचा हात आणखी स्पष्ट दिसतो, आणि उपग्रह चालवणाऱ्यांसाठी हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा. प्लाझ्मापॉजच्या आत एक सततची सरसर असते, शंभर हर्ट्‌झपासून दोन हजार हर्ट्‌झपर्यंत पसरलेली. तिला हिस म्हणतात. ती ऊर्जावान इलेक्ट्रॉनांची दिशा थोडी थोडी बदलत राहते. दिशा पुरेशी बदलली की इलेक्ट्रॉन बलरेषेच्या टोकाशी वातावरणात उतरतो आणि संपतो. आतल्या आणि बाहेरच्या प्रारणपट्ट्यांमधली (यांनाच व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात) मोकळी जागा मुख्यतः याच सरसरीमुळे मोकळी राहते. प्लाझ्मापॉजच्या बाहेर चित्र उलटं. तिथे घनता कमी आणि कोरस नावाच्या लहरी जोरात असतात, आणि त्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देऊन वर नेतात. म्हणजे कडेच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन घडतात, दुसऱ्या बाजूला ते हळूहळू नष्ट होतात, आणि ही कड कुठे असेल ते ठरवतो थंड प्लाझ्मा.

घनता किती खाली गेली यानेही फार फरक पडतो. व्हॅन ॲलन प्रोब्ज या ऑगस्ट २०१२ मध्ये सोडलेल्या जोडयानांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये दाखवलं गेलं की ७० लाख इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तेव्हाच तयार होतात, जेव्हा घनता घनसेंटिमीटरला दहाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. कोरस लहरी इतर वेळीही असतात, जोरदारही असतात. पण थंड प्लाझ्मा जास्त असेल तर त्या इलेक्ट्रॉनांना इतक्या वर नेऊ शकत नाहीत. उलट बाजूचं उदाहरण ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ चं. त्या वादळांत प्लाझ्मापॉज दोन त्रिज्यांच्याही आत ढकललं गेलं आणि एरवी मोकळ्या असणाऱ्या जागेत घातक इलेक्ट्रॉन भरून राहिले. एखादा उपग्रह ‘सुरक्षित’ कक्षेत आहे असं म्हणताना त्या दिवशी प्लाझ्मापॉज कुठे होतं ते पाहिलंच पाहिजे.

वलयप्रवाहाशी थंड प्लाझ्माचा संबंध येतो तो असा की दोघांची जागा एकमेकांवर आली की गरम आयनांची थोडी ऊर्जा थंड इलेक्ट्रॉनांना मिळते. ती उष्णता बलरेषेच्या वाटेने खाली आयनांबरात उतरते आणि तिथला ऑक्सिजन ६३० नॅनोमीटरच्या लाल रंगात मंद उजळतो. ध्रुवीय प्रकाशासारखा नाचरा नसलेला, स्थिर लाल कमानीसारखा हा पट्टा प्लाझ्मापॉजच्या बरोबर पायथ्याशी असतो. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले इथे उत्तरेच्या क्षितिजावर जो लाल उजेड दिसला, त्याची चर्चा याच संदर्भात झाली. कड इतकी आत आली होती की तिचा पायथा भारताच्या उत्तर टोकावरून दिसण्याइतका दक्षिणेला सरकला.

मग इतका प्रभावी घटक इतकी वर्षं दुय्यम का राहिला? कारण तो मोजणं कठीण. उन्हातला उपग्रह स्वतःचे इलेक्ट्रॉन गमावतो आणि धनभारित होतो. विरळ जागेत त्याचं विभव, म्हणजे विद्युतदाब, तीस-चाळीस व्होल्टपर्यंत चढतं. एक-दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा धन आयन त्या विभवाच्या चढावर टिकत नाही, शोधकापर्यंत पोहोचण्याआधीच परत फिरतो. नोंदीत शून्य दिसतं आणि वाचणारा समजतो की तिथे आयनच नाहीत.

स्वीडनमधल्या उप्साला इथल्या गटाने यावर शोधलेला मार्ग मला आजही फार आवडतो. युरोपच्या क्लस्टर मोहिमेच्या यानांवर विद्युतक्षेत्र मोजायला टोकापासून टोकापर्यंत ८८ मीटर लांबीच्या तारा होत्या. त्याखेरीज इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून तो किती सरकला यावरून क्षेत्र काढणारं दुसरं उपकरणही होतं. ध्रुवांवरच्या भागात या दोघांचे आकडे जुळत नसत. तारांचं उपकरण चुकतंय असंच कुणालाही वाटलं असतं. पण थंड आयनांचा प्रवाह धनभारित यानाला वळसा घालून जातो तेव्हा यानामागे आयन नसलेली लांब पोकळी राहते. हलके इलेक्ट्रॉन तिच्यात शिरतात, पोकळी ऋणभारित होते आणि तारांना खोटं क्षेत्र दिसतं. मग त्या गटाने ही तफावतच मोजमाप म्हणून वापरली: किती तफावत, कोणत्या दिशेला, यावरून न दिसणाऱ्या आयनांचा वेग आणि प्रवाह काढला. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष असा की ध्रुवांकडून शेपटीकडे सेकंदाला १ वर २६ शून्यं इतके थंड आयन वाहत असतात. वजनात मोजलं तर सेकंदाला दीड-पावणेदोनशे ग्रॅम, दिवसाला चौदा-पंधरा टन. पुढे २०१२ मध्ये आंद्रे आणि कली यांनी दाखवलं की चुंबकावरणाच्या बऱ्याच मोठ्या भागात निम्म्याहून अधिक वेळ संख्येने थंड आयनच जास्त असतात.

हे आयन ध्रुवांवरून वर का उचलले जातात, याचं उत्तर १९६८ पासून कागदावर होतं. हलके इलेक्ट्रॉन वर निसटू पाहतात, जड आयन मागे राहतात, आणि दोघांत तयार होणारं बारीकसं विद्युतक्षेत्र आयनांना वर ओढतं. ते प्रत्यक्ष मोजलं गेलं ११ मे २०२२ रोजी, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरून उडालेल्या नासाच्या एन्ड्युरन्स अग्निबाणाने. सुमारे २५० ते ७७० किलोमीटर उंचीच्या टप्प्यात फरक निघाला फक्त ०.५५ व्होल्ट, हातघड्याळातल्या सेलपेक्षाही कमी. तरी प्रोटॉनवर त्याची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या दहापट भरते.

नोंदी वाचणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. आयन-शोधकाने दिलेली घनता आणि प्लाझ्माच्या लहरींवरून काढलेली घनता यांत फरक आला, तर आधी लहरींवर विश्वास ठेवा. इलेक्ट्रॉनांची नैसर्गिक वारंवारता किलोहर्ट्‌झमध्ये घनतेच्या वर्गमुळाच्या सुमारे नऊपट असते: १०० घनतेला ९० किलोहर्ट्‌झ, ४०० ला १८०. या वारंवारतेवर यानाच्या विद्युतभाराचा परिणाम होत नाही. आरासेनेही मे २०२४ मध्ये प्लाझ्मापॉज याच पद्धतीने टिपलं.

आता चार दिवसांचा प्रश्न. चार त्रिज्यांपर्यंत जाणारी एक बलनळी, म्हणजे बलरेषांच्या जुडग्याने बनलेली नळी, घ्या, पायथ्याशी एक चौरस सेंटिमीटर रुंदीची. विषुववृत्तावर पोहोचेपर्यंत ती सव्वाशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास फुगते आणि तिचं घनफळ सुमारे २ लाख ७० हजार घनमीटर होतं. ती नेहमीच्या घनतेला यायला १ वर १४ शून्यं इतके प्रोटॉन लागतात. आयनांबर एका टोकाकडून चौरस सेंटिमीटरला सेकंदाला साधारण दहा कोटी प्रोटॉन देतं, दोन्ही टोकं मिळून वीस कोटी. भागाकार केला की सहा-सात दिवस येतात. दोन त्रिज्यांच्या नळीला हाच हिशोब लावला तर ती दीड दिवसात भरते, कारण ती खूपच लहान. म्हणून प्लाझ्मास्फिअर आतून बाहेर भरत जातं, आणि बाहेरच्या नळ्या पूर्ण भरायच्या आत बहुधा पुढचं वादळ येतं. भरलेलं, स्थिरावलेलं प्लाझ्मास्फिअर पाठ्यपुस्तकात असतं तितकं प्रत्यक्षात क्वचितच सापडतं.

मे २०२४ मध्ये यात आणखी एक भर पडली. मोठ्या वादळात ध्रुवांकडची वरची हवा तापते, फुगते आणि तिची घडण बदलते. ऑक्सिजनच्या अणूंच्या मानाने नायट्रोजनच्या रेणूंचं प्रमाण वाढतं, आणि नायट्रोजन असेल तिथे आयन लवकर विझतात. त्यामुळे वादळानंतर आयनांबरच रोडावलं होतं. ज्या साठ्यातून प्लाझ्मास्फिअर भरायचं तोच आटलेला, म्हणून ही भरपाई इतकी लांबली.

तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचं असेल तर पुढच्या वादळात दोन गोष्टींची नोंद ठेवा: केपीचा दर तीन तासांचा आकडा आणि जीपीएसवरून काढलेले आयनांबराचे नकाशे. केपी उतरल्यावर नकाशे लगेच पूर्ववत होतात की दोन-तीन दिवस फिकेच राहतात, यावरून प्लाझ्मास्फिअर किती वेळात सावरेल याचा बऱ्यापैकी अंदाज घरबसल्या बांधता येतो.